सात नंबरच्या बरणीतला कोळी

या अंकाच्या संपादकांनी निरोप धाडला, "मुकादम, तुमच्या कामातलं काहीतरी लिहून द्या." पस्तीस वर्षं मी डोंगरावर रोपं लावली, त्यावर लिहावं असा त्यांचा विचार असणार. पण खड्डा खणला, रोप लावलं, माती दाबली, यात लिहायचं काय? एका ओळीत संपलं. म्हणून म्हातारपणी दोन वर्षं जे काम केलं त्याबद्दल लिहितो. मी कोळी पाळले.

आमच्या किनाऱ्यावर कोळी म्हटलं की लोक आधी होडीकडे बघतात. मी म्हणतोय तो आठ पायांचा.

माझं शिक्षण चौथी, तीही पुरी नाही. पण मला लिहिता येतं, आणि मला जे येतं ते मी दुसऱ्याकडून करून घेत नाही. शाळेचे गुरुजी म्हणाले, "द्या, मी शुद्ध करून देतो." मी म्हटलं, गुरुजी, चहा घ्या, कागदाला हात लावू नका. तेव्हा चुका दिसल्या तर त्या माझ्या आहेत, गुरुजींना बोल लावू नये.

आमचं गाव दिघीच्या वरच्या अंगाला. खाली खाडी, खाडीपलीकडे आगरदांडा, डोक्यावर रान. गुडघे कुरकुरायला लागले तसं मी लागवडीचं काम सोडलं. रान मात्र सुटलं नाही. कुठून कुठून माणसं रान बघायला यायची आणि गावात चौकशी केली की लोक त्यांना माझ्या दारात आणून सोडायचे. या माणसांचे प्रकार फार. एक साहेब पाखरांचे आवाज भरून घ्यायला आला होता. दोन तास मला दगडावर बसवून ठेवलं आणि शेवटी म्हणतो, "काका, तुमच्या श्वासाचा आवाज येतोय, जरा कमी घ्या." दुसरा एक जण हातभर लांब कॅमेरा घेऊन बिबट्यासाठी आला. तीन दिवस मचाणावर बसला. बिबट्या काही आला नाही, पण आमच्या शेजारच्या लक्ष्मणचं कुत्रं रोज न चुकता यायचं. पुढे त्याने त्या कुत्र्याचाच फोटो मोठा करून लक्ष्मणला पाठवला. तो अजून लक्ष्मणच्या भिंतीवर आहे, देवांच्या रांगेत.

मग रेवतीबाई आली. पुण्याची पोर, पंचविशीची. कोळ्यांवर अभ्यास करून त्याचं मोठं पुस्तक तिला लिहून द्यायचं होतं, ते पास झालं की नावापुढे डॉक्टर लागणार होतं. मुदत ठरलेली होती आणि त्यातली दोनच वर्षं उरली होती. ती मला काका म्हणायची, मी तिला बाई म्हणायचो. पहिल्या दिवशी म्हणाली, "काका, मला जाळं न विणणारे कोळी बघायचेत."

"जाळं न्हाय तर तो खातो काय?"

"फिरून शिकार करतो."

"मंग बिबट्याच झाला की."

"तसंच समजा," म्हणाली, हसली नाही. तिथेच ती मला पटली.

हा कोळी अंगाने बोटाच्या पेराएवढा. पाय पसरले की निम्मा तळहात झाकतो. रंग सुक्या पानाचा, पाठीवर फिकट पट्टा. दिवसभर पातेऱ्याखाली, म्हणजे झाडाखाली साचलेल्या सुक्या पानांच्या थराखाली दडतो आणि दिवेलागण झाली की बाहेर पडतो. बाईने मला कपाळाला बॅटरी बांधायला लावली. हातात धरलेल्या बॅटरीने काही दिसत नाही. डोळ्यांच्या रेषेत धरली की जमिनीवर निळेहिरवे ठिपके चमकायला लागतात, दवाचे थेंब असावेत तसे. ते त्याचे डोळे. आठ असतात, सगळे नाही चमकत. पस्तीस वर्षं मी त्या रानात वावरलो आणि एवढे डोळे माझ्याकडे बघत होते याचा मला पत्ता नव्हता. जरा लाजच वाटली.

काम साधं, पण कंबर मोडणारं. दोरीने जमिनीवर चौकोन आखायचा, गुडघ्यांवर बसून पुढे सरकायचं, पान न पान उचलायचं, कोळी मोजायचा आणि पान होतं तसं ठेवायचं. ओहळाच्या काठी जुनं रान आहे, तिथे पातेरा वीतभर जाड, तिथे कोळी भरपूर. कारवीच्या गचपणात बऱ्यापैकी. काजूच्या बागेत औषधालाही नाही, कारण तिथला पातेरा आम्ही राबासाठी, म्हणजे भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजायला, झाडून नेतो. वरच्या कातळावर तर विचारूच नका.

वाद लागला तो हिरव्यांवरून. गणपती गेले आणि कारवीच्या पानांवर, कमरेच्या उंचीला, मुगाच्या दाण्याएवढे हिरवे कोळी दिसायला लागले. पायांचे सांधे गुलाबी, बघायला गोजिरवाणे. त्याहून मोठे राखाडी, ते झाडांच्या सालीवर. आणि सगळ्यांत मोठे ते आमचे तपकिरी, खाली पातेऱ्यात. बाईने वहीत तीन रकाने आखले.

मी म्हटलं, "बाई, तीन कशाला? एकच हाय. पानावर पोरं, सालीवर तरणी, खाली थोराड."

"काका, रंग बघा ना. राहायच्या जागाही वेगळ्या आहेत."

"रानडुकराचं पिल्लू बघितलंय कधी? अंगावर कलिंगडासारखे पट्टे असत्यात. मोठं झालं की जात्यात. तुमच्या हिशोबानं ती दोन जनावरं झाली."

तिने मान हलवली, पण वरच्या कातळावर जाऊन, तिथेच काय ती रेंज येते, पुण्याला आपल्या सरांना फोन लावला. सर म्हणाले, हिरवा वेगळ्या जातीचा असावा. मी सोबत होतोच, फोन मागून घेतला.

"सर, मी इथला मुकादम. तुमी एकदा रानात या."

"येईन की. पण त्याआधी तुमचं म्हणणं सिद्ध करा."

"म्हंजे काय करू?"

"पाळा आणि दाखवा."

पाळा म्हणाले. मी बैल पाळले, कोंबड्या पाळल्या, लक्ष्मणसारखा शेजारी चाळीस वर्षं पाळला. कोळ्याचं काय एवढं?

म्हसळ्याच्या बाजारातून गोळ्या-बिस्किटांच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बरण्या आणल्या, बारा. झाकणांना तापवलेल्या दाभणाने भोकं पाडली. तळाला माती, वर एक सुकं पान, एक हिरवी डहाळी, ओल्या कापसाचा बोळा. बरणीत एकेकच कोळी, दोन ठेवले तर सकाळी एकच उरतो. प्रत्येक बरणीवर नंबराची चिठ्ठी. पडवीत टेबल मांडून बारा बरण्या रांगेत लावल्या तेव्हा आमची मंडळी, यमुना, परसातून आली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"अवो, लोक म्हातारपणी पोपट पाळत्यात."

"पोपट बोलतो. घरात बोलणारं एक पुरे हाय."

त्या दिवशी माझ्या ताटात नुसता भात आला, कालवण आलंच नाही. पण तिसऱ्या दिवशी बरण्यांना मुंग्या लागल्या आणि मी घाबराघुबरा झालो, तेव्हा तिनेच टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, पिंपाच्या तिवईचे ठेवतात तसे. मुंग्या तिथेच थांबल्या. एवढी साधी गोष्ट ना मला सुचली ना पुण्याच्या बाईला.

पाळण्याचं तंत्र सांगतो. लहानांना चिलटं लागतात. केळ्याचं साल कोपऱ्यात ठेवलं की चिलटं हवी तेवढी. मोठ्यांना रातकिडे आणि बारके नाकतोडे, ते मी ओहळावरून जाळीने धरून आणायचो. कोळी मधूनच चार-पाच दिवस खात नाही. पहिल्यांदा मला वाटलं आजारी पडला, यमुना म्हणाली एकादशी असंल. ती त्याची कात टाकायची तयारी असते. साप टाकतो तशीच कात, पण पायांसकट. आठही पाय एका वेळी मोज्यांतून काढायचे. तेवढा वेळ तो उलटा लोंबकळतो, आणि बाहेर येतो तो मऊ आणि फिका. मग दिवसभरात रंग चढतो. रंग बदलायचा तो तेव्हाच, असं बाईचं म्हणणं. म्हणून टाकलेली प्रत्येक कात मी काड्यापेटीत घालून वर बरणीचा नंबर लिहायचो. रोज सकाळी वहीत लिहायचो, खाल्लं की नाही, कात टाकली की नाही. रंग मात्र मी लिहायचा नाही. तो बाई पंधरा दिवसांनी यायची तेव्हा रंगांच्या पट्ट्या बरणीशेजारी धरून स्वतः लिहायची. म्हणायची, "काका, तुम्ही जिंकायला बसलाय, रंग तुम्हाला तुमच्या सोयीचा दिसेल." मला राग आला होता, पण बोलणं खरं होतं.

मार्गशीर्षात एका सकाळी सात नंबर पाय आखडून उताणा पडलेला. मेला.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. भात लावल्यावर आठ-दहा दिवसांनी शेतकरी खाचरातून फिरतो आणि जिथे रोप कुजलं तिथे दुसरं खोचतो. याला नांग्या भरणं म्हणतात. डोंगरावरच्या लागवडीतही तेच. काही रोपं मरायचीच. साहेब पाहणीला यायच्या आत मुकादमाने त्याच उंचीचं दुसरं रोप आणून खड्डा भरायचा. रिकामा खड्डा दिसला की मुकादम कच्चा. माझ्या ओळींत पस्तीस वर्षांत एकाही साहेबाला रिकामा खड्डा दिसला नाही. हे मी चारचौघांत छाती काढून सांगायचो.

तर सात नंबर मेला. मी त्याला परसात टाकला, तो कोंबडीने उचलला. जाळी घेऊन ओहळावर गेलो, नेमका त्याच मापाचा एक कोळी जांभळीच्या सालीवर बसला होता, तो धरून आणला आणि बरणीत सोडला. वहीत लिहिलं, "सात नंबर. ठीक." देवाशपथ सांगतो, यात लबाडी नव्हती. बाईची बरणी रिकामी पडू नये एवढंच मनात होतं. हात आपोआप चालला. पौष संपेपर्यंत अशा पाच नांग्या भरल्या आणि मनात म्हटलं, हात अजून शाबूत आहे.

तो दीड महिना बाई पुण्यात अडकली होती, पौष सरल्यावर आली. पट्टी धरून एकेक बरणी बघत सातपाशी थांबली.

"काका, हा मागच्या वेळी हिरवा होता."

"असंल."

"आता राखाडी झालाय."

"मी काय म्हणत होतो?"

"पण कात कुठाय? काड्यापेटी रिकामी आहे. वहीतही नाही."

"न्हाय टाकली त्यानं."

मी खरं तेच बोललो. नव्या कोळ्याने माझ्याकडे आल्यापासून कात टाकली नव्हती. बाई पडवीच्या पायरीवर खाली बसली. मग उठून तीन नंबर बघितला, दहा बघितला. तेही तसेच, हिरव्याचे राखाडी, आणि कात नाही. ती धावत कातळावर गेली. तिथून ओरडून ओरडून सरांशी बोलत होती ते खाली आम्हाला ऐकू येत होतं. कात न टाकता रंग बदलणारा कोळी, हे कोणी बघितलंच नव्हतं म्हणे. सरही खूश. मुरूडला त्यांचं दुसरं काम होतं, ते आटपून गुरुवारी आगरदांड्याहून बोटीने इकडे यायचं ठरलं.

ते तीन दिवस आमचं घर म्हणजे लग्नघर होतं. बाई यमुनेला चुलीपुढून उठवून स्वतः चहा करायची आणि गुणगुणायची. लक्ष्मण गावभर सांगत फिरला, "मुकादमानं कोळ्याचा रंग बदलला." मीही मिशीवरून हात फिरवत होतो. आपण मोठं काहीतरी केलंय, काय ते सर आल्यावर कळेल.

बुधवारी दुपारी बाई कागद लिहीत होती. मला कळावं म्हणून मराठीत वाचून दाखवत होती. म्हणाली, "बघा काका, यातली खरी गंमत ही की जीव एकच आहे. तोच कोळी, त्याच बरणीत, पहिल्या दिवसापासून. मधे बदलला असता तर याला कवडीचा अर्थ नाही."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

आत जाऊन यमुनेला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "मंग सांगा तिला."

"सांगितलं तर गाव हसंल."

"गाव आजपण हसतंय, तुमाला ऐकू येत न्हाय. त्या पोरीचं काय? ती हे लिहून पुण्याला दील, आन उद्या कुनी दुसऱ्यानं पाळून बघितलं की तिला खोटी ठरवतील."

संध्याकाळ गेली, जेवणं झाली, बाई हसतखिदळत झोपायला गेली आणि मी तिला न सांगताच बरण्यांना चिलटं घालत बसलो.

गुरुवारी सकाळी आम्ही दोघं दिघीच्या जेट्टीवर उभे. पलीकडून बोट सुटलेली दिसली. पांढरा ठिपका, मग त्याच्यावर गाड्या दिसायला लागल्या. बाई टाचा उंच करून बघत होती. बोट खाडीच्या मध्यावर आली आणि मी म्हटलं, "बाई, सात नंबर मेला."

"अरे! कधी? सकाळी तर ठीक होता."

"मार्गशीर्षात."

तिला काही समजेना. मग मी सगळं सांगितलं, जांभळीची साल, जाळी, कोंबडी, सगळं. ती माझ्याकडे बघत नव्हती, बोटीकडे बघत होती.

"अजून किती?"

"पाच एकूण. सात, तीन, दहा, अकरा, चार."

"बोट लागायला किती वेळ आहे?"

"दहा मिन्टं."

"मग दहा मिनिटं माझ्याशी बोलू नका."

आणि ती जेट्टीच्या टोकाला जाऊन पाठ करून उभी राहिली. मी आयुष्यात शिव्या खाल्ल्यात, ठेकेदाराच्या, साहेबांच्या. त्या दहा मिनिटांएवढं काही लागलं नाही.

सर उतरले. किडकिडीत माणूस, डोक्याला टोपी, खांद्याला झोळी. बाई पुढे झाली आणि नमस्कारही न करता म्हणाली, "सर, कातेशिवाय रंग बदलत नाही. आमच्याकडून चूक झाली."

ते "आमच्याकडून" मला सोसलं नाही. मी म्हटलं, "आमच्याकडनं न्हाय सर, माझ्याकडनं. मी नांग्या भरल्या."

नांग्या म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगावं लागलं. समजल्यावर ते जेट्टीच्या कठड्यावर बसले आणि टोपी काढून खूप हसले. मला वाटलं सुटलो. मग टोपी परत घातली आणि म्हणाले, "मुकादम, बाकीचे सात खरे कशावरून?"

"मी सांगतो म्हणून."

"तुमचा शब्द मी मानतो. पण या कामात शब्द चालत नाही. वहीत मेल्याची नोंदच नाही, तेव्हा बाराही बरण्या बाद."

माझ्या शब्दाला आजवर कोणी असं बाजूला ठेवलं नव्हतं. मनात आलं, सांगावं यांना, दुसरा माणूस बघा. पण बाईच्या दोन वर्षांतलं एक वर्ष मी कोंबडीला घातलं होतं. कोणत्या तोंडाने रुसायचं?

जेवायला घरी आले. यमुनेने वाढलेलं बोंबलाचं कालवण सरांनी दोनदा मागून घेतलं. ती वाढता वाढता म्हणाली, "सर, पुढल्या वर्साला परत पाळा. ह्यांच्यावर नजर मी ठेवीन." ताटावर वाकलेली बाई खुदकन हसली, आदल्या दिवसानंतर पहिल्यांदा. मग माझ्याकडे वाटी सरकवून म्हणाली, "काका, मीठ द्या." बोलणं सुरू झालं.

दुसऱ्या वर्षी तीस बरण्या. सरांनी सांगून ठेवलं, निम्म्या बरण्यांत ओला पातेरा जाड घाला आणि निम्म्यांत पहिल्यासारखं एकच सुकं पान. यमुनेला वाचता येत नाही, पण रोज सकाळी ती बरण्यांपुढून चालत जायची आणि मेलेला दिसला की माझ्या आधी स्वतः चिमट्याने उचलून बाईने दिलेल्या स्पिरिटच्या बाटलीत टाकायची. कोंबडीला आम्ही पडवीत यायची बंदी केली.

आणि योग बघा, पौषात पुन्हा सात नंबरच मेला. त्याच दिवशी मी रातकिड्यांसाठी ओहळावर गेलो, तर जांभळीच्या सालीवर त्याच मापाचा एक कोळी, माझी वाट बघत असल्यासारखा बसलेला. आसपास कोणी नाही. मेलेला बाटलीत पडला होता हे खरं, पण बाटलीतले कोण मोजतंय? जाळी उचलली गेली माझी. पस्तीस वर्षांची सवय हातात असते, डोक्याला विचारत नाही. मी जाळी तशीच धरून उभा राहिलो, कोळी बाजूने सरकत सालीच्या मागे गेला. मी रातकिडे घेऊन घरी आलो आणि वहीत लिहिलं, "सात नंबर. मेला." तो एक शब्द लिहायला मला कपभर चहा लागला.

तिसांपैकी अकरा मेले. एकोणीस मोठे झाले. त्यातले सतरा पानाच्या हिरव्याचे सालीच्या रंगाचे झाले आणि सालीचे पातेऱ्याच्या रंगाचे, दर वेळी कात टाकूनच. दोन मात्र शेवटपर्यंत हिरवेच राहिले, मोठे होऊनही. म्हणजे हिरवी जात वेगळी होतीच, थोडी. सतरा माझे, दोन सरांचे. सर फोनवर म्हणाले बरोबरी. मी म्हटलं, सर, सतरा आणि दोनाची बरोबरी पुण्यात होत असेल, आमच्याकडे होत नाही.

पण बाई खूश झाली ती जगलेल्यांवर नाही, मेलेल्यांवर. अकरांतले नऊ एकाच सुक्या पानाच्या बरण्यांतले होते. बहुतेक सगळे कात टाकताना मेलेले, पाय अर्धे आत अर्धे बाहेर. कात अंगावर सुकली. बाईने सांगितलं, लहान असतो तेव्हा पानावरच्या दवात त्याचं भागतं. मोठा झाला की अंगाची कात मोठी, तिला ओल जास्त लागते, म्हणून तो रंग बदलत बदलत खाली ओल्या पातेऱ्यात उतरतो. काजूच्या झाडलेल्या बागेत तो का नाही, याचं उत्तर त्या मेलेल्यांनी दिलं. आणि ते मी पहिल्या वर्षी कोंबडीला घातले होते.

त्यानंतर मला एक खोड लागली. मी अधूनमधून वरच्या कातळपट्टीवर जाऊन बसतो. तिथे आम्ही शिवणीची रोपं लावायचो. दर उन्हाळ्यात मरायची, दर पावसाळ्यात मी नांग्या भरायचो, आणि पाहणीला आलेला साहेब म्हणायचा, वा मुकादम, पट्टी भरलेली आहे. मी काम सोडलं, भरणारं कोणी राहिलं नाही, आज तिथे नुसता कातळ आहे. दोन-तीन वर्षं खड्डे रिकामे दिसले असते तर कोणीतरी म्हटलं असतं, इथे शिवण जगत नाही, दुसरं काही लावा. माझा हात चांगला होता म्हणून कोणाला कळलं नाही. खालच्या अंगाला माझी झाडं आहेत, ऐन आहे, किंजळ आहे, एका माणसाच्या कवेत न मावणारी, त्यांचा अभिमान मी सोडणार नाही. पण वरच्या पट्टीचं मी यमुनेशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. आता इथे लिहिलं.

बाईचं पुस्तक मुदतीच्या आत झालं. एक प्रत तिने स्वतः आणून दिली, हिरव्या पुठ्ठ्याची, जाडजूड, सगळी इंग्रजीत. लक्ष्मणने उलटीपालटी करून विचारलं, "यात तुझं काय हाय रे?" मागे एक मोठा तक्ता आहे, तीस ओळींचा. माझ्यासाठी बाईने त्याच्या कडेला पेन्सिलीने मराठीत लिहून दिलंय. मी त्याला सातवी ओळ दाखवली.

"यात तर मेला लिहिलंय."

"व्हय."

"मंग?"

"मंग काय? मी लिहिलंय ते."

लक्ष्मणला काही कळलं नाही, तो कुत्र्याला घेऊन गेला.

बरण्या यमुनेने केव्हाच्या मागितल्या होत्या. पुस्तक येईपर्यंत एकीलाही मी हात लावू दिला नव्हता, रिकाम्या अकरांना तर अजिबात नाही. पुस्तक आलं त्या आठवड्यात तिने त्या धुवून उन्हात वाळवल्या आणि आमसुलं भरली. सात नंबरची चिठ्ठी धुताना सुटली होती. ती मी शितांनी परत चिकटवली.